आमची वाटचाल: नवी गाडी, जुना थाट आणि पत्र्याची टाकी

आधीच सांगतो, आम्ही बाईकची पेट्रोलची टाकी पत्र्यात बनवतो, फायबरची बनवत नाही. किती पण पैसे द्या, नाही. का नाही ते पुढं येईलच.

आमचा गाळा कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. सुरुवात आरएक्स हंड्रेड आणि राजदूत, या जुन्या बाईक रिस्टोअर करण्यापासनं, त्यावर घर चालायचं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. मग २०१९ ला हिरोची एक्सपल्स ही कच्च्या रस्त्याची बाईक आली. पुढं २१ इंची चाक, मागं १८, दोन्ही स्पोकची, पुढचा शॉकअप १९० मिमी दबणारा, आणि हे सगळं तेव्हा लाखाच्या आसपास! पोरं डोंगरात घालायला लागली. त्यातलेच काही जण यामाहाच्या डीटी-१ चे फोटो घेऊन यायचे, १९६८ ची ती २५० ची टू-स्ट्रोक, बारीक टाकी, सपाट सीट, वर उचललेलं मडगार्ड. आपल्याकडं शोरूमला ती कधी दिसलीच नाही. म्हणायचे, इंजिन-शॉकअप नवंच राहू दे, पण दिसायला अशी करून द्या.

बोलायला सोपं आहे हो. मडगार्ड वर घेता येतं, सीट सपाट करता येते, फोर्कला रबरी बूट चढवले की अर्धा लुक आला. गोची टाकीची. कार्बोरेटरच्या गाडीची टाकी म्हणजे नुसता डबा, खाली पेट्रोलचा कॉक बसवला की झालं. एफआयला, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाडीला, पंप टाकीच्या पोटात, त्याला बूड एकदम सपाट लागतं, बोल्टची रिंग लागते, पॅकिंग सगळीकडनं सारखं दाबलं गेलं पाहिजे, आणि शेवटचं लिटरभर पेट्रोल पंपाच्या तोंडाशीच गोळा व्हायला पाहिजे, नाहीतर ऐन चढाला गाडी बंद.

हे जमवलं आण्णांनी. आण्णा आमचे पहिले भागीदार, पैशाचे नाही, हाताचे. सगळी हयात डेंटिंगमध्ये गेली. १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, वाळूची पिशवी, ठोकायला लाकडी मोगर आणि एक झिजून गुळगुळीत झालेली डॉली, म्हणजे पत्र्याच्या आतनं धरायचा लोखंडी ठोकळा, एवढाच संसार. आधी वाळूवर ठोकून पत्र्याला पोट काढायचं, मग आतनं डॉली धरून वरनं हातोडी मारत सपाट करायचं. आवाज बद्द आला तर पत्रा डॉलीला टेकलेला नाही, खणखणीत आला की टेकला. आण्णा कानानं काम करायचे, चष्मा नंतर शोधायचे. वेल्डिंग झालं की टाकीत हवा भरून हौदात बुडवायची, बुडबुडा दिसला तिथं खूण, परत वेल्डिंग. एक टाकी म्हणजे आठवडा गेलाच धरा.

मग तो आला. नाव घेत नाही, घ्यायची लायकी पण नाही. आमच्याच हाताखाली शिकला, आमच्याच टाकीवरनं साचा काढला, फायबर आणि त्याला घट्ट धरणाऱ्या पॉलिस्टर रेझिनमध्ये टाक्या पाडायला लागला, आमच्या निम्म्या रेटला, वर रोज एक रील. रीलमध्ये गाडी कुणाची? आण्णांनी बनवलेली! गिऱ्हाईक तिकडं पळालं, दिलेले अॅडव्हान्स लोक परत मागायला लागले, आम्ही दिले, कंप्रेसर विकून दिले. गाळ्याचं भाडं थकलं. मी बुलेटचे सायलेन्सर बदलायच्या लेव्हलला आलो होतो, तेव्हा आण्णा म्हणाले, "थांब रं जरा. त्याचा माल पेट्रोलात किती टिकतोय बघूया."

तेवढ्यात पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत गेलं, ई१० वरनं ई२०, म्हणजे दहा टक्क्यावरनं वीस. इथेनॉल पॉलिस्टर रेझिनला मऊ करतं, धंद्यातल्या माणसाला हे माहीत पाहिजे. टाक्या आतनं चिकट झाल्या, फुगल्या, रंगाला फोड आले, सुटलेलं रेझिन पंपाच्या जाळीत आणि इंजेक्टरमध्ये. निम्म्या रेटची टाकी वाचवायला गेलेले पंपाचा खर्च करून बसले. इथेनॉल काय परदेशातनं आलं नव्हतं, बरंचसं आपल्याच उसाचं. आण्णा म्हणायचे साखर कारखान्याला एक हार घालून येऊया. तो गडी मात्र अजून सांगतो की पेट्रोलच खराब आहे. आणि आण्णांच्या टाकीची रील अजून काढलेली नाही त्यानं.

आता विषय निघालाच आहे तर, पत्र्याच्या टाकीला पण जपावं लागतं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर टाकी भरून ठेवा, अर्धवट सोडू नका, आतनं गंज धरतो. वापरलेली टाकी नीट धुतल्याशिवाय, आत पाणी भरल्याशिवाय कुणाला वेल्डिंगला देऊ नका, रिकामी टाकी जास्त डेंजर, आत वाफ असते. रंग बदलला की आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करा. फ्रेम कापायला सांगू नका, ते आम्ही करत नाही.

फायबरवाल्याकडं पोळलेली माणसं आता रोज येतात आणि पहिला प्रश्न तोच, "त्याच रेटमध्ये बसवा की." नाही बसत. अर्धे पैसे आधी, अर्धे टाकी तुमच्यासमोर हौदात बुडवल्यावर. बुडबुडा आला तर देऊ नका.