उंची विचारू नका, अक्षांश विचारा

अलास्कातल्या माउंट मॅरेथॉन डोंगराचे फोटो ट्रेकच्या ग्रुपवर टाकले आणि पहिला प्रश्न काय तर "उंची किती?" ३,०२२ फूट म्हटल्यावर "बस्स? सिंहगडापेक्षा पण कमी की!" झालं, विषय संपला लोकांचा. आता माउंट मॅरेथॉनचा तो आकडा तसा शिखराचा नाहीच, या डोंगरावर दरवर्षी धावण्याची शर्यत होते, तिचे धावपटू जिथून मागे वळतात त्या टोकाचा आहे, खरं शिखर मागे ४,६०३ फुटांवर, म्हणजे धरा राजगडाएवढं. पण राजगडाला आपण गुंजवण्यात गाडीतून उतरतो तेव्हाच बऱ्यापैकी वर आलेलो असतो, इथे पायथा म्हणजे थेट समुद्र, रिझरेक्शन बे, आणि डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जेवढी सपाट पट्टी उरली तेवढंच सिवर्ड गाव.

आणि हे सगळं ६० अंश उत्तरेला. त्यामुळे आपल्याकडे जे बघायला हिमालयात दिवसच्या दिवस चालावं लागतं ते इथे एका सकाळीत होतं. खाली स्प्रूस आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांचं ओलं, शेवाळलेलं जंगल, साधारण हजारेक फुटांवर झाडं संपतात, मग अल्डरची झुडपं, मग गवत-फुलं आणि वर नुसता काळा घसारा (सुटे, घसरते दगड) नाहीतर बर्फ. खालच्या जंगलात डेव्हिल्स क्लब नावाचं एक झुडूप आहे, पानं मस्त मोठी हिरवीगार, पण दांड्याला काटे, पानांच्या खालच्या बाजूलाही काटे, आणि उगवतं नेमकं तिथे जिथे पाय सटकल्यावर हात जातो. ग्लोव्हज घाला, एवढंच सांगते.

हवेचं गणित मला फार आवडलं. अलास्काच्या आत, फेअरबँक्सला, हिवाळ्यात उणे ३०-४० सहज होतं, पण सिवर्डचं बंदर गोठत नाही, कारण अलास्काच्या आखातातला कोमट प्रवाह. पण हाच समुद्र बाष्प आणून डोंगरावर आपटतो, खाली रिपरिप पाऊस आणि वर बर्फ, अगदी आपल्या घाटमाथ्यासारखं, फरक एवढाच की तिथे पडलेलं वाहून जात नाही, साठत जातं. मागच्या हार्डिंग आइसफील्डमधून, म्हणजे डोंगरांवर पसरलेल्या बर्फाच्या विस्तीर्ण थरातून, चाळीसेक हिमनद्या निघतात त्या अशाच. त्यातली एक्झिट ग्लेशियर मात्र मागे हटतेय, वाटेवर सालांच्या पाट्या लावल्यात, अमुक साली बर्फ इथपर्यंत होता, आणि त्या पाट्यांमधून चालत राहतो आपण, बर्फ काही येत नाही.

प्राणी म्हणाल तर मार्मोट, जाडजूड करडा, शिट्टी अशी मारतो की कोणीतरी हाक मारतंय वाटून मी दोनदा मागे बघितलं. कड्यावरचे पांढरे ठिपके हलले की समजायचं माउंटन गोट, न हलले तर बर्फ. काळी अस्वलं असतात म्हणून जंगलातून बडबड करत चालायचं (आपल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही). खाली खाडीत सी ऑटर, सी लायन, पफिन पक्षी.

शर्यत ४ जुलैला असते, १९१५ पासून. म्हणतात की तासाभरात वर जाऊन खाली येता येतं का यावर पैज लागली होती. २०१६ मध्ये डेव्हिड नॉरिस ४१ मिनिटं २६ सेकंदांत गेला आणि आला! उतरताना लोक घसाऱ्यावरून अक्षरशः उड्या मारत येतात, गुडघे फुटतात, रक्त वाहतं, आणि २०१२ मध्ये एक धावपटू डोंगरावर हरवला तो सापडलाच नाही. तीन हजार फुटांचा डोंगर बरं का हा.

जायचं असेल तर धावणाऱ्यांची वाट सोडा, मागून जीप ट्रेल जातो तो धरा. आणि ४ जुलैच्या आसपास गावात खोली मिळेल ही आशा ठेवू नका.