‘गॅस गेलाय’ म्हणण्याआधी फ्रीजरमागचा बर्फ बघा

फ्रीजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता सोडतो, कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून पुढे गेला की थंड होतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. नळीला कुठे छिद्र पडलं किंवा एखादा जोड गळायला लागला तरच तो बाहेर जातो. हे सुरुवातीलाच ठासून सांगतेय, कारण मे महिन्यात आमचा डबल डोअर फ्रीज थंड करेनासा झाला तेव्हा आलेल्या मेकॅनिकनं फ्रीजर उघडून आत हात घातला आणि लगेच सांगितलं, “ताई, गॅस गेला. अडीच हजार लागतील.” मागचं एकही झाकण त्यानं काढलं नव्हतं.

मी त्याला “थांबा, सांगते नंतर” म्हटलं. अडीच हजार हे एक कारण होतंच, पण खरी काळजी सासूबाईंच्या इन्सुलिनची होती. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. चुकीचा इलाज करून फ्रीज पंधरा दिवसांनी पुन्हा बसला असता तर सगळा साठा वाया गेला असता. नवी पेनं त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवून आले. चालू पेन डब्यात घालून, ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवलं. आमच्याकडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की मडकं खरंच चांगलं गार राहतं. “आमच्या वक्ताला तं माठच होता न,” असं म्हणत फडकं ओलं ठेवायचं काम आईंनी आपल्याकडे घेतलं.

आता लक्षणं सांगते, कारण निदान त्यांच्यातच असतं. वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ होत होता, पण आइस्क्रीम मऊ पडत होतं. खालच्या कप्प्यात दूध सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं. कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेत नव्हता. फ्रीजरच्या मागच्या बाजूनं मधूनमधून खरखर ऐकू यायची, पंख्याचं पातं कशाला तरी घासल्यासारखी. वर थोडं गार आणि खाली कोमट ही जोडी दिसली, की फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये आधी डिफ्रॉस्टवर, म्हणजे आत साचलेला बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेवर, संशय घ्यायचा.

फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ न साचणारा, असं आपण धरून चालतो. बर्फ त्याच्यातही साचतो, फक्त आपल्याला दिसत नाही. गार करणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पडद्याआड असते. पंखा त्या कॉइलवरून हवा ओढतो, थोडी फ्रीजरमध्ये सोडतो आणि थोडी एका पोकळीतून खालच्या कप्प्यात पाठवतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर गोठतं. म्हणून कॉम्प्रेसर साधारण आठ ते बारा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर चालू करतो. बर्फ वितळतो, पाणी नळीतून खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेनं उडून जातं. कॉइल पुरेशी तापली की बायमेटल नावाची छोटी गोल टिकली हीटरचा प्रवाह तोडते. तिनंही काम केलं नाही तर शेवटचा आधार म्हणून थर्मल फ्यूज असतो. तो एकदाच उडतो आणि पुन्हा जुळत नाही. या साखळीतली एक कडी जरी तुटली, तरी काही दिवसांत कॉइलवर बर्फाची भिंत उभी राहते आणि हवेचा रस्ता बंद होतो.

मी प्लग काढला. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढायचा. फ्रीजर रिकामा करून मागच्या पडद्याचे स्टार स्क्रू सोडवले. एक-दोन स्क्रू प्लॅस्टिकच्या छोट्या टोपीखाली लपलेले असतात, ते शोधावे लागतात. पडदा ओढून काढायचा नाही. तो बर्फाला चिकटलेला असेल तर तुटतो आणि पंख्याच्या वायरीही त्याच्यामागेच असतात. आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार लोटलं आणि वाट बघितली, मग तो अलगद सुटून आला.

आणि मागे पांढरी भिंत. कॉइलच्या सगळ्या वेटोळ्यांवर, वरपासून खालपर्यंत, सारखा जाड बर्फ.

तुमच्या फ्रीजचं काहीही बिघडलेलं असो, ही एक गोष्ट लक्षात ठेवाच. गॅस कमी असेल तर बर्फ कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच धरतो, बाकीची कॉइल कोरडी राहते. मागची जाळी किंवा फ्रीजच्या कडा नेहमीसारख्या गरम लागत नाहीत. जोडाजवळ कधी तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. संपूर्ण कॉइल बर्फानं मढलेली असेल, तर गॅस तिथे पोचतोय आणि आपलं काम करतोय. पंखा फिरतोय एवढी खात्री करून घ्यायची आणि मग डिफ्रॉस्टकडे वळायचं.

बर्फ काढताना सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथनं यांतलं काहीही आत घालू नका. ॲल्युमिनियमची नळी पातळ असते. एक टोक लागलं की गॅस खरंच जातो, आणि मग ते दुरुस्त करणं आपल्या हातातलं राहत नाही. गरम पाण्याची पातेली बदलत राहा, खाली जुनी चादर अंथरा आणि वेळ द्या. आमच्याकडे तर बाहेरची हवाच इतकी तापलेली होती की दार उघडं ठेवल्यावर निम्मं काम तिनंच केलं.

कॉइल मोकळी झाल्यावर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि रोध मोजायचा मीटर, घेतला. दोन-तीनशे रुपयांचं हे यंत्र प्रत्येक घरात असावं असं मला मनापासून वाटतं. आधी हीटरची दोन टोकं सोडवून रोध मोजला. त्याच्यावर १५० वॅट लिहिलेलं होतं. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटनं भागायचं, म्हणजे २३० गुणिले २३० भागिले १५०, साधारण ३५० ओम यायला हवेत. मीटरनं ३४० दाखवले, म्हणजे हीटर ठणठणीत. मग थर्मल फ्यूज. त्याच्यावर ७२ अंश छापलेलं होतं. मीटर बीपवर ठेवला, म्हणजे प्रवाहाला वाट असेल तर तो वाजतो. दोन्ही टोकांना लावला, तर आवाज नाही. फ्यूज उडालेला.

बरेच जण इथेच थांबतात आणि नवा फ्यूज टाकून मोकळे होतात. पण फ्यूज उडाला कशामुळे? कॉइलजवळ ७२ अंश झाले, म्हणजे हीटर वेळेत बंद झाला नाही. त्याला बंद करणं बायमेटलचं काम. बायमेटल गोठणबिंदूच्या बरंच खाली जुळतं, म्हणजे प्रवाह जाऊ देतं, आणि साधारण दहा-तेरा अंशांना सुटतं, म्हणजे तो तोडतं. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या उन्हाळी तापमानाला ते सुटलेलंच असायला हवं. मीटर लावला तर तो बीप करत होता. बायमेटल जुळलेल्या अवस्थेतच चिकटून बसलं होतं. नुसता फ्यूज बदलला असता तर पुढच्या एखाद्या डिफ्रॉस्टला तोही उडाला असता.

फ्यूजच्या जागी वायर जोडून ‘जुगाड’ करणारे लोक आहेत. कृपा करून हे करू नका, कोणाला करूही देऊ नका. बायमेटल पुन्हा चिकटलं तर प्लॅस्टिक आणि थर्माकोलसारख्या फोमच्या मधोमध हीटर तापत राहील आणि त्याला थांबवणारं काहीच उरणार नाही. फ्रीज रात्रभर चालतो आणि घर झोपलेलं असतं.

कूलर-फ्रीजचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जुना नमुना दाखवला. फ्यूज आणि बायमेटल एकत्र जोडलेला संच तीनशेच्या आत मिळाला. बसवण्याआधी तो तपासला, आणि ही तपासणी करताना मला फार आनंद झाला. घरातल्या तापमानाला बायमेटल सुटलेलं आहे, बीप नाही, हे आधी बघितलं. मग काकूंकडून बर्फ आणला, कुटून त्यात खडेमीठ मिसळलं. पॉटमधल्या आइस्क्रीमला करतो तसंच. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या खाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात दाबून ठेवलं. थोड्या वेळानं बारीकसा ‘टक’ आणि मीटरचा बीप. चांगलं आहे, बसवायला हरकत नाही.

वायरींचे जोड नीट दाबून, पाणी जाणार नाही असे बंद केले. बायमेटल पूर्वी जिथे होतं त्याच नळीवर घट्ट बसवलं. जागा बदलली तर ते चुकीच्या वेळी सुटतं. पडदा लावण्याआधी पाणी जायच्या भोकात सिरिंजनं कोमट पाणी सोडून ते मागच्या ट्रेमध्ये उतरतंय ना, ते बघितलं. तुमच्या भाजीच्या ट्रेमध्ये पाणी साचत असेल तर बहुतेक वेळा हेच भोक तुंबलेलं असतं.

फ्रीज रात्रभर चालू दिला. आमच्या फ्रीजला यांत्रिक टायमर आहे, त्याची खाच स्क्रू ड्रायव्हरनं ‘टक’ होईपर्यंत हळू फिरवली की डिफ्रॉस्ट हातानं सुरू करता येतो. हे कॉइल पुरती थंड झाल्यावरच करायचं, नाहीतर बायमेटल जुळलेलं नसतं आणि हीटर चालूच होत नाही. कॉम्प्रेसर थांबला, आत पाणी टपटपायला लागलं आणि काही मिनिटांत मागच्या ट्रेमध्ये उतरलं. नव्या इलेक्ट्रॉनिक बोर्डच्या फ्रीजमध्ये टायमरचं काम बोर्ड करतो आणि बायमेटलच्या जागी सहसा सेन्सर असतो. तिथे तपासायची पद्धत वेगळी.

सिंगल डोअरवाल्यांसाठी थोडंसं. कॉम्प्रेसर घूं असा आवाज करून ‘टक’ करतो, बंद पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच, असं होत असेल तर आधी घरातलं व्होल्टेज मोजा. ते ठीक असेल तर प्लग काढून कॉम्प्रेसरच्या बाजूचा रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, बघा. काढून कानाजवळ हलवल्यावर आत तुकडे खडखडत असतील तर तो गेलेला आहे. स्वस्तातला भाग आहे, शेजारचा ओव्हरलोडही (कॉम्प्रेसर जास्त तापला की प्रवाह तोडणारा भाग) सोबतच बदलून घ्यावा. जवळ कपॅसिटर (प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवणारा भाग) असेल तर तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि फ्रीज बंद केल्यावर पाच मिनिटं तरी पुन्हा चालू करू नका, नळ्यांतला दाब समान व्हावा लागतो.

गॅसच्या नळीला मात्र घरी हात लावायचा नाही. कॉम्प्रेसरवरची पट्टी वाचा. जुन्या फ्रीजमध्ये आर १२ असायचा, तो ओझोनच्या थरासाठी हद्दपार झाला. मग आर १३४ ए आला, आणि आता बहुतेक नव्या फ्रीजमध्ये आर ६०० ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. तो पेट घेतो. फ्रीजमध्ये तो थोडासाच असतो, तरी बंद स्वयंपाकघरात नळी कापून टॉर्च पेटवणं हे शिकलेल्या माणसाचंच काम.

म्हणून तुमच्याकडे कोणी गॅस गेला म्हणालं, तर भांडू नका, चिडू नका. नीट विचारा: भाऊ, मागचा पडदा काढून कॉइल दाखवता का? गळती कुठे आहे? ती बंद करणार का, ड्रायर (नळीतला ओलावा शोषणारा भाग) बदलणार का, गॅस भरायच्या आधी व्हॅक्यूम करणार का, म्हणजे नळ्यांतली हवा पंपानं काढणार का? ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी खूश होतो. आमच्या गल्लीतल्या एका घरी गेल्या आठवड्यात असाच एक मुलगा आला होता. त्यानं पडदा काढला, कॉइल खरंच अर्धी कोरडी होती, साबणाच्या फेसानं जोडावरची गळती दाखवली आणि तिथे गॅस भरणं हेच बरोबर होतं. त्याचा नंबर मी घेऊन ठेवलाय.