तोरणमाळच्या वाटेवर रानपिंगळा आणि मोह

नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा सोडलं की म्हसावदपर्यंत दुतर्फा केळी आणि पपईच. राणीपूरनंतर सातपुडा समोर येऊन उभा राहतो. जीपवाल्याने अहिराणीत विचारलं, "काय देखाले उनात भो?" घुबड बघायला आलोय म्हटल्यावर तो एवढा हसला की घाटात मलाच धास्ती वाटली.

घुबड म्हणजे रानपिंगळा. 1873 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि 1884 नंतर तो जो दिसेनासा झाला, तो शतकभर. मधे 1914 साली माइनर्ट्‌झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तो खोटा ठरवला. जुन्याच संग्रहातला मेलेल्या पक्ष्याचा नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती! मग बाई नि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये याच शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांच्या समोर बसलेला होता. खानदेशाने याचा फारसा गाजावाजा केला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मार्चचा महिना, साग निष्पर्ण झालेला. माझ्याबरोबर पायथ्याच्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी तरुण होता. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, होळीला परतलेला. पक्षी आधी त्यालाच दिसला. भर उन्हात, उघड्या फांदीवर. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर दाट ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि ती शेपटी तो डावी-उजवी झटकत होता. मग एकदम खाली झेपावला आणि सरडा घेऊन वर आला. हे घुबड दिवसा शिकार करतं, तेही विरळ रानात, मोकळ्या जागेच्या कडेला, म्हणजे माणसाच्या अगदी नजरेसमोर. घुबडाच्या अंगाचे अवयव जादूटोण्याला लागतात, या समजापायी अशा पक्ष्याचा जीव जाणं किती सोपं, ते तिथे कळलं.

घरट्याला त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. खरी अडचण इथेच आहे, कारण जुनं झाड राखायला गावाला कारण हवं. साग पैसे देतो तो तोडल्यावर, मोह देतो तो उभा असताना. पहाटे आम्ही गेलो तेव्हा तरुणाची आई मोहाखाली वाकून फुलं वेचत होती. जाड, पिवळसर, चिकट फुलं. टोपलीतून गोडसर, थोडा आंबूस वास येत होता. झाडाखाली जुन्या साड्या पसरलेल्या. फुलं स्वच्छ मिळावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची रीत जुनी आहे आणि उन्हाळ्यातले कित्येक वणवे तिथूनच लागतात. साडी अंथरली की आगीची गरजच उरत नाही. "हे कुणी शिकवलं, काकी?" मी विचारलं. "शिकवायचं काय त्यात? साडीवरचं फूल उचलायला कंबर कमी मोडते," त्या म्हणाल्या. वाळलेली फुलं लगेच बाजारात न्यायची नाहीत, पावसाळ्यापर्यंत ठेवली तर भाव बरा मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं. पण घरात तांदूळ संपला असेल तर व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावीच लागतात.

2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. माझ्या मते रानपिंगळ्यासाठी हा कायदा संरक्षणाच्या फलकांपेक्षा मोठा आहे, फक्त तो कागदावरून मोहाच्या बुंध्यापर्यंत पोचायला हवा.

घाटमाथ्यावर तोरणमाळला यशवंत तलाव, सीताखाईची दरी वगैरे सगळं पाहिलं. सुंदर आहे, पण सीताखाईच्या कड्यावरच्या कुरकुऱ्यांच्या पाकिटांवर लिहायची माझी इच्छा नाही. त्यापेक्षा फोटोवाल्यांबद्दल सांगतो. लांबून गाडी येते, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढतात, डबा गाडीतलाच खातात आणि जातात. पाड्याच्या हाती काय? धूळ. वाटाड्या गावचा घ्या, पैसे आधी ठरवा, जेवायला भाकर आणि उडदाची डाळ तिथेच सांगा.

निघताना मी त्या तरुणाला म्हटलं, मित्रांना पाठवतो. तो म्हणाला, "पाठवा ना दादा. पण थंडीत पाठवा, तेवढे दिवस मला गुजरातला जायला नको. होळीनंतर मात्र नको, तेव्हा मोहातून सवड नसते."