टोळी उतरली

सोमवार, तुळशीच्या लग्नानंतरचा

ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, पण कोयते अजून गप्प आहेत. ऊसदराचं मिटलेलं नाही, भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर दिसला की अडवतात. गावाच्या दृष्टीनं हा दराचा लढा, आणि त्यात गावाचं काही चुकतंय असंही नाही. तळावर उतरलेल्यांच्या दृष्टीनं मात्र हे बसून खायचे दिवस. तोड नाही तर मजुरी नाही, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असते.

माझ्या, म्हणजे शाळेतल्या बाईच्या, कामाला मात्र हेच दिवस बरे. एकदा तोड लागली की बाया पहाटे चारला निघतात त्या अंधार पडल्यावरच परततात. मग भेटायचं कुणाला? आज अंगणवाडीच्या सेविकाताईंना बरोबर घेऊन तळावर जाऊन आले. कोप्या उभ्या करायचं काम चाललं होतं. बांबू वाकवून, वर पाचट आणि ताडपत्री. एक म्हातारी तीन दगड मांडून चूल लिंपत होती. यंदाची टोळी बीडची, शिरूर कासार तालुक्यातली.

आमच्या शिरोळ तालुक्यात दरवर्षी हेच होतं, आणि दरवर्षी गाव त्यांच्याकडे पाहुणे आल्यासारखं नाही, ऊन-पाऊस आल्यासारखं बघतं. येतात, जातात. पाच-सहा महिने एका नळाचं पाणी पिऊनही गावातल्या कुणाला त्यांची नावं माहीत नसतात. 'टोळीवाले' म्हटलं की झालं.

गेल्यावर मी शाळेचा विषय काढत नाही. आधी पाणी कुठनं आणता, दळण कुठं देता, बाळाचं लसीकरणाचं कार्ड बरोबर आणलंय का, हे विचारते. 'पोरं शाळेत का घालत नाही?' या प्रश्नाला तळावर एकच उत्तर असतं: मान खाली. पाण्याचं विचारलं की बाया बोलायला लागतात, आणि बोलता बोलता पोरांचं आपोआप निघतं.

दोघांकडे त्यांच्या गावच्या शाळेचं शिक्षण हमी पत्रक होतं, म्हणजे स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत बसवून घ्यायचा कागद. घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत, आधारकार्डाच्या मधे. ते बघून इतकं बरं वाटलं की तिथल्या गुरुजींना मी लगेच फोन लावला. बाकीच्यांकडे काहीच नाही. नसू दे. शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्यावाचून कुणाला अडवता येत नाही, वयानुसार वर्गात बसवायचं. हे मी आमच्याच काही लोकांना २०१० पासून सांगतेय.


बुधवार

रेशनचं एक प्रकरण. तळावरच्या एका वहिनींना दुकानदारानं 'तुमचं कार्ड बीडचं, तिकडंच जा' म्हणून परत पाठवलं. एक देश एक रेशनकार्ड येऊन इतकी वर्षं झाली. अंगठा लावला की देशात कुठंही धान्य मिळायला हवं. मी बरोबर गेले. अंगठा लागला, मशीननं मान्य केलं, धान्य मिळालं. दुकानदार मला म्हणाला, 'बाई, तुम्ही कशाला आला, मी दिलंच असतं की.'

असू दे. पण सासू-सासरे गावी आहेत, त्यांच्या वाटणीचं तिकडंच राहू दे, आमच्या दोघांचंच इथं द्या, हे त्या वहिनींनी स्वतःहून मशीनवाल्याला समजावून सांगितलं. नियम त्यांना माझ्याहून चांगला माहीत होता. फक्त त्यांचं ऐकून घ्यायला दुकानात कुणी तयार नव्हतं.


शनिवार

दर ठरला, तोड लागली. आणि अपेक्षेप्रमाणे वर्गातली टोळीची मुलं निम्म्यानं कमी झाली.

कारण आळस नव्हे, घड्याळ. आई-बाप चारला जातात, शाळा साडेदहाला भरते. मधल्या साडेसहा तासांत आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या कडेवर दीड वर्षाचं भावंड असतं. त्याला सोडून ती येणार कशी? मोठ्या माणसांना हे सांगावं लागतं, याचंच मला नवल वाटतं. सेविकाताईंनी यावर बिनबोभाट तोडगा काढला. तीन वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीत बसवायचा नियम नाही, त्यांचा आहार घरी न्यायचा असतो. पण 'बसली एखादी पोर कोपऱ्यात तर कुणाचं काय जातंय' म्हणून त्यांनी सतरंजीचा एक कोपरा त्या तान्ह्यांना दिला. अंगणवाडी आमच्या आवारातच आहे. बहीण मधल्या सुट्टीत जाऊन बघून येते.

दुसरं काम सातवीतल्या मुलींनी केलं. तळाच्या वाटेवर ज्यांची घरं आहेत त्यांना मी विचारलं, येताना या पोरांना हाक मारून आणाल का? एक लगेच उठली. 'मी आणतो की बाई, माझ्या दारातनंच वाट हाय.' आमच्याकडच्या मुली अजून 'मी आणतो, मी जातो' असंच बोलतात. टोळीच्या पोरींना पहिल्या दिवशी त्याचं फार हसू आलं होतं. आता त्यांच्यातलीच एक 'मी येतो' म्हणायला लागलीय.

आम्ही शिक्षक गेलो की पोरं कोपीमागं लपतात. सातवीतली ताई दारात उभी राहून 'आवर की लवकर, माझी परीक्षा हाय' म्हणून ओरडली की चप्पल शोधायला लागतात.


मंगळवार

एका पालकांचा निरोप आला: टोळीच्या पोरांना आमच्या पोरीशेजारी बसवू नका, डोक्यात उवा होतात. मी निरोप आणणाऱ्या मुलाजवळच उलट निरोप दिला की आईंनी सवडीनं यावं. आल्या. भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. मी उवांच्या औषधाच्या बाटल्या दाखवल्या आणि म्हटलं, शुक्रवारी सगळ्या शाळेला लावणार आहे, तुमच्या लेकीलाही. उवा काही बीडवरून येताना तिकीट काढून येत नाहीत, त्या गावातल्या पोरींच्याही डोक्यात जूनपासून आहेत. यावर त्या हसल्या, पण जागा बदला हे म्हणणं काही सोडलं नाही. मी जागा बदलली नाही.


गुरुवार

आज चौथीच्या वर्गात जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

वजनमापांचा पाठ. एक टन म्हणजे हजार किलो, हे फळ्यावर लिहीपर्यंत मागून आवाज आला, 'टनाला तीनशे सहासष्ट.' टोळीतला पोरगा, एरवी तोंड न उघडणारा. म्हटलं, कसले रे? 'तोडायचे.' बरोबर होतं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या शेतकऱ्याच्या पोरानं मान वळवली. 'खोटं. टनाला तीन हजार पाचशे पन्नास.' तोही बरोबर. सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, तेवढीच आहे, आणि आमच्याकडं दिवाळीत घरोघरी फराळाबरोबर हाच आकडा चघळला जातो.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. एकाच उसाच्या एकाच टनाचे दोन भाव. मी पाठ्यपुस्तक मिटलं.

मग वर्गानं अर्धा तास नुसता हिशेब केला. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून, दिवसात अडीच टन तोडला तर किती? कागद-पेन्सिल न घेता तो पोरगा म्हणाला, 'नऊशे पंधरा. पन अडीच रोज निघत न्हाई.' का निघत नाही? ऊस लोळलेला असला तर वेळ लागतो. बांधाला पाणी असलं तर मोळी डोक्यावर घेऊन लांब चालावं लागतं. गाडी फडात रुतली तर दिवस गेला. पुढच्या बाकावरचा पोरगा ऐकत होता. त्यानं विचारलं, 'आमचा लोळलाय. आमचा कधी तोडणार?' आणि त्यावर उत्तर मिळालं ते थेट मुकादमाच्या थाटात: 'कारखान्याची चिठ्ठी आल्याबिगर न्हाई.'

अख्खा वर्ग हसला, तोही हसला. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत दोघं पुढं-मागं उभे होते, अजून लोळलेल्या उसावरच बोलणं चाललं होतं. त्या मुलाला वाचन अजून जमत नाही. जोडाक्षर आलं की अडतो. पण आज वर्गात कुणाला त्याचं नाव विचारलं तर सगळ्यांना सांगता आलं असतं.


रविवार

शेजारच्या आक्का सकाळी वाढं आणायला तळावर निघाल्या, मीही गेले. उसाचे शेंडे म्हणजे म्हशीचा हिवाळ्याचा चारा, आणि तो टोळीकडूनच घ्यायचा. काही पैसे देऊन घेतात, काही नुसतं मागून. आक्का पैसेवाल्या, पण घासाघीस पक्की. पेंढी हातात तोलून 'लई बारीक बांधलीयास गं' म्हणेपर्यंत तिथली बाई सहज बोलून गेली, 'आक्का, औंदा आमच्याकडं चाराच ऱ्हायला न्हाई. सिंदफणेनं कापूस नेला, दोन शेळ्या नेल्या.' सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या पावसाचं, त्यांच्याकडच्या सिंदफणा नदीच्या पुराचं ती सांगत होती.

आक्कांनी पेंढी खाली ठेवली. आमचं गाव पंचगंगेच्या काठावरचं. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापूर आक्कांनी पाहिलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळे बोटीतनं बाहेर पडलो आणि जयसिंगपूरच्या एका शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून, झोपलो. आक्का तिथंच दगडावर बसल्या. 'माझ्या घरात छातीएवढं पाणी हुतं बघ. भांडी राहिली, पर म्हस गेली.' मग दोघी किती वेळ बोलत होत्या. पंचनाम्याला कोण आलं, पैसे कधी आले, गाळ काढायला किती दिवस गेले, ओल्या धान्याला कसला वास सुटतो. मी मध्ये बोलले नाही, बोलायला जागाच नव्हती.

परतताना आक्का म्हणाल्या, 'त्या पोरीला सांग, पाण्याला माझ्या दारात ये म्हणावं. त्या सार्वजनिक नळावर किती वेळ थांबती.'

आम्ही दरवर्षी २६ जानेवारीला टोळीच्या मुलांना जुने स्वेटर वाटतो, फोटो काढतो. स्वेटर उपयोगी पडतात, थंडी खरी असते. पण त्या फोटोत मुलांच्या नजरा कुठं असतात ते बघवत नाही. देणारा एकीकडं आणि घेणारा एकीकडं असं उभं केल्यावर ओळख होणार कशी? आक्कांना वाढं लागतं, तिला पाणी लागतं. दोघींना एकमेकींची गरज आहे, आणि पुराचं दोघींनाही ठाऊक आहे. त्यात मी काही केलेलं नाही, मी नुसती पेंढी उचलायला गेले होते.


संक्रांतीनंतरचा शुक्रवार

माता-पालकांचं हळदीकुंकू दरवर्षी दुपारी चारला असतं. तळावर रीतसर निमंत्रण जातं आणि तिथून कुणी येत नाही. मग 'बोलावलं तरी येत नाहीत' असं म्हणायला आपण मोकळे. यंदा मी सभेत हट्ट धरला की रात्री आठला, मारुतीच्या देवळात. कुरकूर झाली, मालिकांची वेळ बुडते म्हणून. शेवटी जमलं.

त्या आल्या. उशिरा, पण आल्या. कुणी केस विंचरून, कुणी तशाच फडातनं. हातांवर पाचटाचे ओरखडे, नखांत काळं. आमच्यातल्या एकीनं न सांगता बादलीत ऊन पाणी आणून ठेवलं. वाण म्हणून यंदा प्लॅस्टिकच्या डब्या टाळून बामची डबी दिली. ती सूचना तळावरचीच, मी आधी विचारून घेतलं होतं.

उखाण्यांत आमच्या बायकांनी नेहमीचे घेतले, चांदीच्या वाटीचे वगैरे. मग सिंदफणेकाठची ती बाई उभी राहिली: 'बीड सोडलं दिवाळीला, गाडी लागली घाटाला, …रावांचं नाव घेते पंचगंगेच्या काठाला.' देऊळ दणाणलं. आक्कांनी लगेच दुसरा मागितला. तिनं आधी दर विचारला, पेंढीसारखा.

जाताना सगळ्या मोबाइलच्या उजेडात तळाकडं गेल्या, कारण शाळेपासून तळापर्यंत एकही दिवा नाही. पहाटे चारला त्या याच अंधारातनं निघतात आणि पोरं सातपर्यंत तशीच अंधारात असतात. खांब आहे, तारही आहे, फक्त दिवा नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर मिळालं, 'ते मार्चमध्ये जाणार, दिवा लावून काय करायचा?' आणि पुढच्या वर्षी कोण येणार मग? मासिक सभा गुरुवारी आहे. अर्ज लिहून ठेवलाय, सह्या गावातल्या बायकांच्याही घेतल्यात. आक्कांना बरोबर नेणार आहे, त्यांना नाही म्हणायची ग्रामपंचायतीत कुणाची छाती नाही.