झुरिकच्या चर्चमध्ये मूर्ती का नाहीत?

मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना मी ग्रोसम्युन्स्टर चर्च दाखवायला नेते, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. वांद्र्याची माउंट मेरी आणि माहीमचा बुधवारचा नोव्हेना पाहिलेल्या आपल्याला चर्च म्हटलं की मूर्ती, हार, मेणबत्त्या आठवतात. ती कॅथलिक रीत. इथे नुसते दगडी खांब आणि बाकं.

१५१९पासून इथे झ्विंग्ली प्रवचन करायचा; कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंट पंथाचा हा इथला धर्मसुधारक. देवाची प्रतिमा करू नये, ही बायबलमधली आज्ञा त्याने अक्षरशः घेतली. जून १५२४मध्ये नगर परिषदेने हुकूम काढला आणि चर्चची दारं बंद करून कारागिरांकरवी मूर्ती उतरवल्या. भिंतींवर चुना फासला. ज्या घराण्यांनी मूर्ती दिल्या होत्या, त्यांना त्या परत नेता आल्या.

यामागे सौंदर्याचा द्वेष होता असं मला वाटत नाही. देवाची खरी प्रतिमा म्हणजे गरीब माणूस, मूर्तींवरचा पैसा त्याच्या पोटात जावा, असं झ्विंग्लीचं म्हणणं. १५२५मध्ये शहराने गरिबांच्या मदतीचे नियम केलेही. हे मला मनापासून पटतं. तरी त्या काही दिवसांत किती सुतारांचं, चित्रकारांचं आयुष्यभराचं काम गेलं, याची हळहळ वाटतेच.

सगळे प्रोटेस्टंट असे नव्हते. जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये मूर्तिभंजन सुरू झालं, तेव्हा मार्च १५२२मध्ये तिथला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर परतला आणि प्रवचनं देऊन त्याने ते थांबवलं. चित्र असू दे, त्याची पूजा नको, ही त्याची भूमिका. आपल्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधली (१७१८) संगमरवरी स्मारकंही स्मरणासाठी आहेत, पूजेसाठी नाहीत.

माझ्या गिरगावच्या मावशीला मात्र काही समजावावं लागलं नाही. लहानपणी ती प्रार्थना समाजाच्या उपासनेला जायची. १८६७मध्ये स्थापन झालेल्या त्या समाजाने मूर्तिपूजा सोडली, पण तुकोबांचे अभंग ठेवले. बाकावर टेकल्यावर तिने विचारलं, "मूर्ती नव्हत्या ते ठीक गं, पण गाणं तरी होतं ना?"

नव्हतं. झ्विंग्ली स्वतः कितीतरी वाद्यं वाजवायचा, पण त्याने उपासनेतून संगीतही काढलं. झुरिकच्या चर्चमध्ये सामूहिक गायन परतलं ते १५९८मध्ये. मावशीला हे काही केल्या पटेना. "भिंती पांढऱ्या चालतील," ती म्हणाली, "पण माणसांना गप्प कशाला बसवायचं?" याबाबतीत मी पूर्णपणे मावशीच्या बाजूची आहे.