लायनीच्या कडेनं

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला लाइन ओळखायला रूळ लागत नाहीत. मे महिन्यात शिकागोजवळ व्हीटनला लेकीकडे आले, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनलाच झोप उडाली, आणि उजाडल्याबरोबर मी फिरायला बाहेर पडले. थोडं चालल्यावर बारीक खडीची एक पायवाट लागली. एका ठिकाणी ती दुभंगत होती. साधा रस्ता कोपऱ्यावर फटकन वळतो. ही वाट मात्र इतकी सावकाश वळत होती की एखादी लांबलचक गाडी डोळ्यांसमोर यावी. दोन्ही बाजूंना जमीन खाली आणि वाट मधोमध भरावावर. घरी येऊन लेकीला म्हटलं, "अगं, तुमच्याकडे जंक्शन आहे." ती म्हणाली, "आई, झोप जरा."

पण होतंच जंक्शन. 'शिकागो, ऑरोरा अँड एल्गिन' नावाची विजेवर चालणारी रेल्वे इथून जायची. वीज वरच्या तारेतून नाही, बाजूच्या तिसऱ्या रुळातून. व्हीटनला तिचे दोन फाटे व्हायचे, एक ऑरोराकडे, एक एल्गिनकडे. आमच्याकडे जशी एक लाइन नागपूरकडे आणि एक खंडव्याकडे. पुढे शिकागोत मोठा हमरस्ता बांधायला घेतला, त्यात या रेल्वेची शहरातली वाट गेली, अलीकडेच उतरून गाडी बदलावी लागायला लागली, तशी माणसं तिला सोडून गेली. ३ जुलै १९५७ ला भरदुपारी प्रवासी गाड्या बंद झाल्या. सकाळी त्याच गाडीनं कामावर गेलेले लोक संध्याकाळी कसे परतले, ते त्यांनाच ठाऊक. ठाण्याला किंवा कल्याणला असं करून बघावं कुणी!

रूळ उखडल्यावर ही मोकळी पट्टी कुणी ना कुणी गिळलीच असती. मे थिलगार्ड वॉट्स नावाच्या निसर्गअभ्यासक बाईंनी १९६३ साली वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की इथे पायवाट करा. इंग्लंडातल्या पायवाटा त्यांनी पायाखाली घातल्या होत्या. आज ही 'इलिनॉय प्रेअरी पाथ' सगळ्या फाट्यांसकट शंभरेक किलोमीटर भरते, आणि माझे दोन्ही गुडघे त्या बाईंचे ऋणी आहेत. कारण साधं आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वे चढ घेत नाही. शंभर फुटांत एक फूट चढ आला तरी इंजिनाला दम लागतो. कसाऱ्याला सदतिसात एक आहे, तर मागून ढकलायला जादा इंजिनं, बँकर, लावावी लागतात. इथे अर्ध्याअधिक वाटेत चढ आहे हे कळतसुद्धा नाही. साठी उलटलेल्या बाईसाठी याहून चांगला रस्ता कुणी आखणार नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पीडब्ल्यूआय होते, रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर. ट्रॉलीवर मोठी छत्री लावून सेक्शन तपासायला निघायचे. दोन-चारदा मला बसवलं होतं, नियमात नसताना. त्यांची नजर रुळांवरून हलायची नाही. सैल चावी, दबलेली खडी, कुजका स्लीपर. मी बघायची कडेचं: तरवड, टाकळा, रुई, घाणेरीचे रंगीत झुबके. "खाली बघत जा, काय तिकडे बघतेस," असं ते म्हणायचे. आता इथे खाली बघण्यासारखं काही उरलेलंच नाही.

पहिली ओळख पटली ती जूनच्या सुरुवातीला. गवतात निळीजांभळी, तीन पाकळ्यांची फुलं. आठ वर्षांच्या नातवानं फोन धरला आणि जाहीर केलं, "आजी, स्पायडरवर्ट." मी म्हटलं, "असेल, पण हा केना आहे." केन्याची भजी मी लहानपणापासून खाल्लेली, पान, पेर, सकाळी उमलून दुपारी मिटून जायची खोड, सगळं तेच. लेकीनं रात्री शोधून काढलं की दोघं एकाच कुळातले. केना नव्हे, पण केन्याची अमेरिकेत दिलेली बहीण म्हणायला हरकत नाही. नातवानं भजीबद्दल विचारलं. परक्या बहिणीची भजी करायची नसते, असं सांगून वेळ मारून नेली.

चिपमंकबद्दल मात्र आमचं एकमत झालं नाही. आपल्या खारीपेक्षा बुटका, बिळात राहणारा, गाल फुगवून दाणे पळवणारा प्राणी, आणि पाठीवर पट्टे. नातवाला रामाची आणि सेतूची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "पण राम इकडे कधी आला?" मला उत्तर सुचलं नाही.

एल्गिनच्या फाट्यावर एक जुना लोखंडी पूल आहे. मेलेल्या लाइनीच्या पुलावर उभं राहून खालची जिवंत लाइन बघायची. खालून शिकागोच्या लोकल आणि लांबच लांब मालगाड्या जातात. दुहेरी मार्गावर अमेरिकेतल्या गाड्या सहसा उजवीकडून धावतात, पण ही लाइन जुन्या सवयीनं अजून डावी बाजू धरून आहे, आपल्यासारखी. ते पाहून मला उगाच घरच्यासारखं वाटलं. नातू डबे मोजत होता; मीही मोजत होते, फक्त तोंड मिटून.

पूल ओलांडला की लिंकन मार्श, म्हणजे पाणथळ. पाणकणसांची दाटी, त्यात एका पायावर उभा राखी बगळा, खरं तर बगळ्यापेक्षा थोराड, आणि रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड. अंग काळं कुळकुळीत, खांद्यावर लाल पट्टा, त्याला पिवळी किनार. पाणकणसावर बसून तो पट्टा फुगवतो. मी कौतुकानं पुढे गेले आणि त्यानं मागून येऊन टाळूवर टोचलं. घरट्याचा हंगाम होता. रेल्वेवाल्याच्या मुलीनं लाल दिसल्यावर थांबायला हवं होतं, चूक माझीच. दुसऱ्या दिवसापासून मी छत्री उघडून जाऊ लागले. ऊन नाही, पाऊस नाही, आणि भरावावरून छत्री चालली आहे. अण्णांची ट्रॉली आठवून मला एकटीलाच हसू यायचं.

जूनच्या मध्यावर एका सकाळी वाटेत फाटक पडल्यासारखी गर्दी दिसली. दोन्हीकडे सायकली थांबलेल्या, कुणी घंटी वाजवत नव्हतं. मधे परातीएवढी एक कासवी, करवतीसारख्या शेपटीची, मागच्या पायांनी खडी उकरत होती. स्नॅपिंग टर्टल. चावली तर बोटाची खैर नाही, म्हणून सगळे अदबीनं लांब. खड्ड्यात एकेक अंडं पडत होतं, पिंगपाँगच्या चेंडूसारखं पांढरं, गोल. तिला दलदल सोडून इथे यावंसं का वाटलं, ते माझ्या लक्षात आलं: ऊन लागणारा, पाणी न साठणारा, भुसभुशीत भराव. रेल्वेनं तो पावसाचं पाणी निथळावं म्हणून घातला, तिला तो बाळंतघर म्हणून पसंत पडला. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं, मातीच्या उष्णतेवर ठरतं की आतून नर निघणार की मादी. तासाभरानं तिनं खड्डा बुजवला आणि मागे न बघता पाण्याकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिथे उकरलेली खडी आणि गुंडाळलेली रिकामी टरफलं होती. रॅकूनचं काम. नातवाला मी त्या दिवशी दुसऱ्या फाट्यानं नेलं.

जुलैत फुलांचं खरं राज्य सुरू झालं. यातली निम्मी पाहुणी आहेत हे हळूहळू कळलं. कोथिंबीर फुलावर आल्यासारखी दिसते ती युरोपातून आलेली रानगाजरं, निळी चिकोरीही तिकडचीच. मूळची मंडळी वेगळी. माझा जीव जडला तो कंपास प्लांटवर. माणसाच्या डोक्यावरून जाणारा दांडा, पिवळी फुलं, आणि खालची मोठी कातरलेली पानं उभी, कडा उत्तर-दक्षिण धरून. मुळं चार-साडेचार मीटर खोल. इथली काळी माती बघून मला खानदेशच आठवला होता, आणि दोन्हीकडची गोष्टही तीच. १८३७ मध्ये जॉन डिअरनं इथल्या चिकट मातीत चालेल असा पोलादी नांगर केला आणि हजारो वर्षांचं गवताळ रान उलथून निघालं. आज इलिनॉयमध्ये त्या मूळ रानाचा दहा हजारावा भागही धड उरलेला नाही. जे उरलं ते जुन्या कबरस्तानांत आणि रेल्वेच्या हद्दीत, जिथे नांगर शिरला नाही. इथली बरीचशी फुलं आता स्वयंसेवक बी टाकून, निगा राखून वाढवतात. अण्णा ज्या हद्दीच्या खांबांवरून शेतकऱ्यांशी जन्मभर भांडले, त्या खांबांचा हाही उपयोग असतो, हे त्यांना सांगायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये मिल्कवीडच्या पानावर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडली. पान तोडलं तर पांढरा चीक. मी नातवाला म्हटलं, "ही आमची रुई बघ. आमच्या रुईवरही अशीच अळी असते, तिचंही केशरी फुलपाखरू होतं." फोनवर पडताळा झाला: मोनार्क आणि आपलं रुईवरचं फुलपाखरू, दोघांचं आडनाव एकच, डॅनॉस. आडनावावर मी जितकी खूश झाले तितका तो झाला नाही. त्याला शाळेत शिकवलं होतं की इथली मोनार्क थंडीच्या आत थेट मेक्सिकोला जातात.

"आजी, तुमची कुठे जातात?"

"आमची?" मी म्हटलं. "फार तर कल्याणपर्यंत. पॅसेंजरनं."