पायथनमधला थ्रेडवाला चॅट सर्व्हर: एक अडकला की सगळे का अडकतात

अनेक क्लायंटशी एकाच वेळी बोलणारा सर्व्हर पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत उभा राहतो. ॲक्सेप्टचा, म्हणजे नवी कनेक्शन स्वीकारण्याचा, लूप फिरवायचा, येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड (त्याच प्रोग्राममधली स्वतंत्रपणे चालणारी कामाची वाट) द्यायचा, संपलं. असा सर्व्हर दोघांच्या चाचणीत झकास चालतो आणि वीस जण आले की कधीतरी सगळ्यांसाठी एकदम गप्प होतो. त्यातला थ्रेडचा भाग बहुतेक वेळा बरोबरच असतो. घोळ असतो तो थ्रेड आपापसांत जे वाटून घेतात त्यात.

उदाहरणाला चॅट सर्व्हर घेऊ: एकाने ओळ पाठवली की ती बाकीच्यांना पोचली पाहिजे. शिकायला एको सर्व्हरपेक्षा, म्हणजे आलेलं तसंच परत पाठवणाऱ्यापेक्षा, हाच बरा. एकोमध्ये एका थ्रेडला दुसऱ्याशी काही देणंघेणंच नसतं, त्यामुळे चूक असली तरी दिसत नाही.

सुरुवातीसाठी सॉकेट मॉड्यूलमधलं क्रिएट-सर्व्हर वापरा, पायथन 3.8 पासून ते आहे. बाइंड आणि लिसन ते स्वतःच करतं, शिवाय लिनक्स आणि मॅकवर रीयूज-ॲड्रेस हा पर्यायही लावून देतं. तो नसेल तर सर्व्हर बंद करून लगेच परत चालू करताना 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' अशी एरर येते. ज्या बाजूने कनेक्शन आधी बंद केलं तिच्याकडे ते टाइम-वेट अवस्थेत राहतं, लिनक्सवर साधारण 60 सेकंद. पत्ता 127.0.0.1 ठेवा, 0.0.0.0 दिलात तर नेटवर्कवरच्या सगळ्यांना दार उघडं. पोर्ट 9000 चालेल. 1024 च्या खालच्या पोर्टला लिनक्सवर सहसा रूटचे अधिकार लागतात, आणि नव्या मॅकवर 5000 एअरप्लेने आधीच धरलेला असू शकतो.

आता वाचन. टीसीपी संदेश पोचवत नाही, बाइट पोचवतो. समोरच्याने एकदा सेंड केलं म्हणजे इकडे एकदाच रिसीव्ह होईल असा नियम नाही. दोन ओळी एकत्र येतील, एक ओळ तीन तुकड्यांत येईल. मराठी मजकुरात हे लगेच अंगावर येतं. 'नमस्कार' या शब्दात सात कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आहेत, यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एकूण 21. रिसीव्हने त्यातले 16 हाती दिले तर 15 बाइटमध्ये 'नमस्क' पूर्ण होतं आणि सोळावा बाइट हा कान्याचा पहिला तुकडा असतो. तिथेच डीकोड केलं की युनिकोड-डीकोड-एरर, आणि थ्रेड खलास. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर ही चूक महिनोन्महिने लपून राहते.

म्हणून प्रत्येक क्लायंटचा एक बाइटचा बफर ठेवा. आलेले तुकडे त्याला जोडत जा, न्यूलाइन सापडली की तिथपर्यंतचे बाइट काढा आणि मगच डीकोड करा. ओळीला मर्यादा हवीच, चॅटला 4096 बाइट पुरतात. मर्यादा नसेल तर न्यूलाइन न पाठवता नुसते बाइट ओतत राहणारा एकटा क्लायंट सगळी मेमरी खाईल. रिसीव्हने रिकामे बाइट दिले की समोरचा गेला असं समजून लूपमधून बाहेर पडा. ही तपासणी राहिली तर तो थ्रेड जागच्या जागी गरगरत सीपीयू जाळत बसतो.

आता सगळ्यांना पाठवणं. जोडलेल्या क्लायंटची एक डिक्शनरी असते. एक थ्रेड तिच्यावरून लूप फिरवत असताना दुसऱ्याने त्यात कुणाला घातलं की 'डिक्शनरी चेंज्ड साइझ ड्युरिंग इटरेशन' येतं. जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं पायथनचं आतलं कुलूप, असल्यामुळे हे टळत नाही. जीआयएल इंटरप्रिटरला सांभाळतो, तुमच्या लूपला नाही. मग लोक लॉक लावतात (तो एका वेळी एकाच थ्रेडला धरता येतो, बाकीचे थांबतात), आणि लॉक धरूनच सगळ्यांना सेंडऑल करतात, म्हणजे सगळे बाइट जाईपर्यंत पाठवत राहतात. सर्व्हर गप्प होतो तो नेमका यामुळे.

हे डोळ्यांनी पाहता येतं. तीन टर्मिनल उघडा, तिन्हींत एनसीने (नेटकॅट या कमांडने) 127.0.0.1 च्या 9000 ला जोडा. तिसऱ्यात कंट्रोल-झेड दाबा. तो क्लायंट गोठला, पण कनेक्शन जिवंत आहे. आता पहिल्यातून मोठ्या ओळींचा मारा करा. आधी गोठलेल्याचा रिसीव्ह बफर भरतो, मग सर्व्हरकडचा सेंड बफर भरतो, आणि त्यानंतर त्याच्यासाठीचं सेंडऑल थांबतं, लॉक हातात असतानाच. दुसऱ्या टर्मिनलचं काहीही चुकलेलं नसताना त्यालाही काही येत नाही, आणि नवा क्लायंट डिक्शनरीत शिरू शकत नाही.

लॉकखाली फक्त यादीची प्रत काढायची आणि बाहेर येऊन पाठवायचं, हा अर्धा उपाय. लॉक मोकळा राहतो, पण पाठवणारा थ्रेड गोठलेल्यापाशी अडकतोच. शिवाय दोन थ्रेड एकाच सॉकेटवर सेंडऑल करू लागले तर मोठ्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात, कारण सेंडऑल आतून अनेकदा सेंड करतं.

पुरता उपाय असा: प्रत्येक क्लायंटला स्वतःची क्यू (पाठवायच्या ओळींची रांग), कमाल 100 ओळींची, आणि त्याच्या सॉकेटवर लिहिणारा एकच रायटर थ्रेड. बाकी थ्रेड पुट-नोवेटने, म्हणजे न थांबता, क्यूत टाकतात आणि पुढे जातात. क्यू भरलेली निघाली तर तो क्लायंट मागे पडला आहे, त्याला काढा. काढताना दुसऱ्या थ्रेडमधून क्लोज करू नका, शटडाउन करा. लिनक्सवर रिसीव्हमध्ये थांबलेला थ्रेड क्लोजने जागा होत नाही, शटडाउनने होतो आणि त्याला रिकामे बाइट मिळतात. क्लोज त्या थ्रेडनेच शेवटी फायनलीमध्ये करावं, आणि डिक्शनरीतून नाव काढणंही तिथेच. नाहीतर थ्रेड एक्सेप्शनने मरतो आणि डिक्शनरीने धरून ठेवलेलं सॉकेट उघडंच राहतं. रायटरला थांबवायला क्यूत नन टाका. क्यू भरलेली असल्यामुळे तो गेला नाही तरी बिघडत नाही, कारण शटडाउननंतर रायटरचं पुढचं सेंडऑल ब्रोकन-पाइप देऊन त्याला बाहेर काढतं.

सेट-टाइमआउट लावाच, चॅटला 300 सेकंद ठीक. ते रिसीव्हइतकंच सेंडऑललाही लागू होतं. सेंडऑल टाइमआउट झालं तर किती बाइट गेले हे कळत नाही, त्यामुळे परत पाठवायचा प्रयत्न न करता कनेक्शन बंद करा.

थ्रेडपूल, म्हणजे ठरावीक थ्रेडांचा गट जो कामं वाटून घेतो, इथे नको. थ्रेडपूल-एक्झिक्युटरचा मूळ आकडा 32 आणि कोअर अधिक 4 यांतला लहान, म्हणजे चार कोअरच्या मशीनवर 8. चॅटचं कनेक्शन तासन्‌तास चालतं, तेव्हा नववा माणूस जोडला जाईल, एररही येणार नाही, आणि त्याला कुणी विचारणारही नाही. त्यापेक्षा ॲक्सेप्टच्या आधी 200 चा सेमाफोर (एका वेळी 200 जणांनाच धरता येणारा मोजणीचा लॉक) धरा आणि क्लायंट गेला की सोडा. लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फायलींची मर्यादा बहुधा 1024 असते, आणि सॉकेटही त्यातच मोजलं जातं. ती ओलांडली की एक्सेप्शन थेट ॲक्सेप्टमध्ये येतं आणि मुख्य लूपच पडतो.

थ्रेड डीमन (मुख्य प्रोग्राम संपला की आपोआप संपणारे) ठेवा, म्हणजे कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्राम खरोखर संपेल. थ्रेडमुळे वेग मिळेल का, तर इथे प्रश्नच तो नाही. सॉकेटवर थांबताना पायथन जीआयएल सोडतो, म्हणून वाट बघणारे शेकडो थ्रेड सुखाने राहतात. प्रत्येक ओळीवर जड हिशेब करायचा असेल तर तो वेगळ्या प्रोसेसमध्ये न्या.